पाण्याच्या वेळेचे बॅकअप

आधीच कबूल करते, लोकांच्या अनुभवांखाली "मांजर असेल", "वायरिंग चेक करा" अशा कमेंट टाकणाऱ्यांतली मी एक आहे. भूत, भास, अंगात येणं... कधी पटलंच नाही. आमच्या धंद्यात विश्वास एकाच गोष्टीवर — लॉगवर. सर्व्हरवर जे झालं त्याची नोंद लॉगमध्ये असते. नोंद नाही म्हणजे ते झालं नाही. म्हणून तर माझी पंचाईत झालीय.

मी मुरब्याची, किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावातली. नोकरी बोईसरला, एमआयडीसीतल्या एका छोट्या ऑफिसात. कारखान्यांची सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर चालवायची आणि रोज आपोआप बॅकअप होईल असं टायमिंग लावून द्यायचं, हे माझं काम. "डेटा गेला तर माझ्याकडे रडत येऊ नका," असं मी मोठमोठ्या मॅनेजरना तोंडावर सुनावते.

बाबाची बोट होती. (आमच्यात बापाला अहोजाहो करत नाहीत.) भरतीचं पाणी लागल्याशिवाय बोट खाडीत शिरत नाही, त्यामुळे बाबा बाहेर थांबायचा आणि इकडे आई बर्फ नि टेंपो घेऊन ताटकळायची. बाबाला टाइप करता येत नव्हतं. म्हणून मी एक साधं अॅप बनवलं — बटण दाबायचं, बोलायचं, की आईला आणि मला ऐकू येणार. रोज तोच मेसेज. "पाणी लागलं गो. आलोच." पुढे कधी किती घोळ मासे, किती बोंबील मिळाले ते; मागे कधी खलाशाला हासडलेली शिवी. आई लगेच ऐकायची. मी ऑफिसात असायचे, "नंतर ऐकते" म्हणून ठेवून द्यायचे.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेला. दर्यात नाही, हॉस्पिटलात, हार्ट अटॅकने. बोट विकली. अॅप बंद करायला मात्र हात धजावला नाही. मेसेज ऐकवतही नव्हते. पण आहेत, कधीतरी ऐकू, एवढाच आधार होता.

गेल्या महिन्यात ते अॅप दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं. रोज दुपारी दीडला बॅकअप होतोय, मीच लावलाय, मग काळजी कसली? चार वाजता जुनी डिस्क डिलीट केली. सवयीने. चहा पीत. मग बॅकअप उघडला... तारखा होत्या, वेळा होत्या, बाबाचं नाव होतं. आवाज एकही नव्हता!

मी बॅकअप लावला होता फक्त यादीचा. आवाज ज्या डिस्कवर होते, ती डिस्क त्यात घातलीच नव्हती. नवशिक्या पोरांना ज्यासाठी मी झापते ना, अगदी तीच चूक. सर्व्हरवाल्यांना विचारलं, उत्तर आलं की काढलेली डिस्क परत मिळत नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बापाचा आवाज मी माझ्या हाताने पुसला होता.

तोंड धुऊन परत बसले आणि उगाच बॅकअपची जागा वरखाली करत राहिले. तिथे आणखी एक फोल्डर दिसलं. मी न बनवलेलं. आत रोजचा एक बॅकअप, पण वेळा वेड्यावाकड्या — बारा पस्तीस, दुसऱ्या दिवशी एक सतरा, मग एक अठ्ठावन्न, मग दोन एकेचाळीस. पहिला, बाबा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. शेवटचा, मी डिस्क काढली त्याच दिवशीचा, तासभर आधीचा. उघडला. सगळे आवाज होते.

सहकाऱ्याला दाखवलं. "मॅडम, आपने ही लगाया होगा, भूल गई होंगी." म्हटलं, दाखव कुठे लावलंय ते! त्याने दोन दिवस शोधलं. टाइमझोनचा घोळ म्हणावा, तर तो फरक ठरलेला साडेपाच तासांचा असतो, असा रोज सरकत नाही. कुठे शेड्यूल नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. शेवटी तो म्हणाला, "छोड़ो ना मॅडम, मिल गया ना."

घरी त्या वेळांची यादी कागदावर उतरवून बसले होते. आई कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सहज वाकून तिने कागद पाहिला.

"हे तर भरतीच्या पाण्याचे टायम हायत," ती म्हणाली. "ही पुनव, ही बीज. कोणी लिवून दिले तुला?"

मी मोबाइल पुढे केला आणि पहिलाच मेसेज लावला. "पाणी लागलं गो. आलोच." आईने कोलीम लागलेले हात तसेच पदराला पुसले, मोबाइल कानाशी धरला आणि म्हणाली, "ये रे बाबा, ये. कधीची उभी हाय मी." मग आम्ही दोघी सगळे मेसेज ऐकत बसलो. एकात तो मला म्हणतो, "पोरी, तू ऐकत नाय ना माजं? ठाव हाय मला. ऱ्हाऊ दे, कामात अससील." दोन-अडीच वर्षं तो मेसेज तसाच पडून होता, न ऐकलेला. लाज वाटली हो मला.

आता खरं काय ते सांगते. आवाज नव्या सर्व्हरवर चढवले. त्यांचा नीट बॅकअप लावणं हे पाच मिनिटांचं काम. मी लावलेला नाही. त्या फोल्डरमध्ये जुन्या प्रती होत्या, त्याही काढून टाकल्या. हे आवाज आज जगात एकाच ठिकाणी आहेत, आणि ते उद्या जाऊ शकतात. माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर त्याला घरी बसवलं असतं. पण मी रोज भरतीची वेळ बघते, काम बाजूला ठेवते आणि ते फोल्डर उघडते, नवी प्रत आलीय का बघायला.

तीन आठवडे झाले. ते रिकामंच आहे.

आई रोज जेवताना विचारते, "बाबाचं सगळं नीट ठेवलंस ना गो?"

मी हो म्हणते.