बाविसातल्या पाच नळ्या

लटारूचं सगळं आयुष्य गळक्या नळ्या बुजवण्यात गेलं, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं हा प्लंबर असणार. प्लंबर म्हटलेलं त्याला अजिबात खपत नसे. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात वाफेचं परत पाणी करणारं एक अवाढव्य भांडं असतं, त्याला कंडेन्सर म्हणतात. त्याच्या पोटात हजारोंनी नळ्या, आणि त्यांच्यातून गार पाणी धावत असतं. एखादी नळी गळायला लागली की नळीतलं कच्चं पाणी वाफेच्या चोख पाण्यात मिसळतं आणि साहेबांपासून फिटरपर्यंत सगळ्यांची धावपळ उडते. मग कुणीतरी, माणूस जेमतेम मावेल एवढ्या भोकातून आत रांगत जायचं, एकेका नळीच्या तोंडाशी मेणबत्ती धरायची आणि जिच्यात ज्योत ओढली जाईल तिला दोन्हीकडून बूच ठोकायचं. हे काम लटारूने सत्तावीस वर्षं केलं, ठेकेदाराच्या हजेरीवर. या काळात ठेकेदार पाच बदलले, आत रांगणारा माणूस तोच राहिला.

आता त्याला अठ्ठावन्नावं चालू होतं आणि तो थकला होता. एका झोपेने जाईल असला तो थकवा नव्हता. सकाळी उठतानाच अंग जड असायचं, आणि टर्बाइनच्या घरघरीने कान तर कधीच मंद झाले होते. बायको, गिरजाबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून वीजकेंद्राला लागून असलेल्या दुर्गापूरच्या दोन खोल्यांत तो एकटाच राहायचा, सकाळचा भात रात्री खायचा. काम सोडून दे असं कुणी म्हटलं की मात्र त्याला राग यायचा. मी नाही गेलो तर आत जाणार कोण, असं तो विचारायचा, आणि खरं सांगायचं तर त्या एका प्रश्नावरच तो उभा होता.

त्या वर्षी पावसाळा सरला तसा सुपरवायझर विनोदचा फोन आला. सोमवारपासून युनिट बंद ठेवून मोठी दुरुस्ती आहे, गेटपाससाठी नाव देऊन टाकतो, असं तो म्हणाला. लटारूने हो म्हटलं. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, दिव्यानी आली.

दिव्यानी त्याची एकुलती एक मुलगी. दूर जंगलपट्ट्यातल्या मुलचेऱ्याच्या पुढे एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, तेरा गावं तिच्याकडे होती. त्या रस्त्यांवर स्कूटी दोन महिन्यांत हात टेकते म्हणून तिने एक जुनी दणकट मोटरसायकल घेतली होती, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची. अशा गाडीला पुढच्या चाकामागे पाण्याचा जाळीदार रेडिएटर असतो, आणि खडीच्या रस्त्यावर चाकाने उडवलेला दगड नेमका तिथेच बसतो. तिच्याही बसला होता. येताना तीन ठिकाणी थांबून पाणी भरत ती कशीबशी पोचली होती.

पण ती काही रेडिएटर दाखवायला आली नव्हती, बापाला घेऊन जायला आली होती. मागच्या दुरुस्तीच्या वेळी लटारू कंडेन्सरच्या आतच बेशुद्ध पडला होता, हे शेजारच्या रामाजीने तिला फोनवर सांगून टाकलं होतं. हा रामाजी म्हणजे पोटात काही न राहणारा माणूस. लटारू त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"बाबा, पाय धरून ओढून काढलं तुमाले तिथून," दिव्यानी म्हणाली. "मी रोज दुसऱ्याचं बीपी मोजत फिरतो, अन् माझ्या बापाचं मले रामाजीकाकाकडून समजते. सोमवारी तुमी जायचं नाई. माझ्यासंग चला."

लटारूने नेहमीचं उत्तर दिलं. मग दोघं बराच वेळ वाद घालत बसले. ती डॉक्टरांचं सांगायची, तो साहेबांचं. ती आईचं नाव घेऊन रडवेली झाली, तर हा उठून बाहेर गेला आणि गाडीशेजारी उकिडवा बसून रेडिएटर न्याहाळू लागला. बऱ्याच वेळाने आत आला तो एक पैज घेऊनच.

गाडी तो स्वतः दुरुस्त करणार. रविवारी दोघं तिच्यावर बसून निघणार. मुलचेऱ्यापर्यंत गाडी कुठे तापली नाही, वाटेत पाण्याचा एक थेंब टाकावा लागला नाही, तर तो दुपारच्या एसटीने परत येणार आणि सोमवारी कामावर जाणार. नाही जमलं, तर ती म्हणेल ते.

दिव्यानीने विचार करायला थोडा वेळ घेतला आणि कबूल केलं. रेडिएटर बदलावाच लागेल असं तिला तिकडच्या मिस्त्रीने छातीठोक सांगितलं होतं, तेव्हा पैज आपणच जिंकणार असं ती धरून चालली असावी.

शनिवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं आणि गल्लीतल्या शहाण्यांची जत्रा भरली. ज्याला स्वतःच्या सायकलची हवा मारता येत नाही तोही रेडिएटर म्हटलं की बोलतोच. एक म्हणाला गळती बुजायला आत हळद टाका, दुसरा म्हणाला साबण घासा, रामाजी तर अंडं घेऊनच आला होता. हळद आधीच पडलेली आहे असं दिव्यानीने सांगितलं. मुलचेऱ्याच्या घरमालकाने दोन मुठी टाकली होती. लटारूने कपाळाला हात लावला. रेडिएटर उलटा करून धुतला तेव्हा पिवळं पाणी अंगणभर झालं, लग्नघराच्या न्हाणीसारखं.

मग त्याने आपल्या पद्धतीने काम हाती घेतलं. एक तोंड रबराने बंद केलं, दुसऱ्याला सायकलचा पंप जोडला, रेडिएटर पाण्याच्या टबात बुडवला आणि हवा भरली. दोन चपट्या नळ्यांमधून बुडबुडे निघाले. भोवतालची जाळी बारीक छिन्नीने अलगद बाजूला करून त्याने त्या नळ्या दोन्हीकडे पकडीने दाबल्या आणि वर एमसील मळून बसवलं. पुन्हा बुडवलं तर शेजारच्या नळीतून बुडबुडे. तीही बंद केली. दुपारपर्यंत आणखी दोन निघाल्या. कुणी म्हटलं भाऊ, आता किती बंद करता, तर लटारू म्हणाला की एका कंडेन्सरमध्ये त्याने पन्नास-पन्नास बुजवल्या आहेत आणि युनिट तसंच धावलंय. ते खरंच होतं. त्याच्या आयुष्यात पाच नळ्या ही संख्या मोजायच्या लायकीचीच नव्हती.

शेवटच्या वेळी टबात एकही बुडबुडा आला नाही. लटारू हसला. दुपारी जेवताना, वरण वाढता वाढता, पुन्हा एकदा हसला. दिव्यानी ताटावरून बापाकडे बघत राहिली. आई गेल्यापासून तिने त्याला असं हसताना पाहिलंच नव्हतं. त्या रात्री तिला पैज लावल्याचा पस्तावा झाला.

रविवारी उजाडताच ते निघाले. ती चालवत होती, तो मागे दोन्ही हात मांडीवर ठेवून, चारचौघांत बसल्यासारखा ताठ बसला होता. बल्लारपूर गेलं, कोठारी गेली. जंगलातला रस्ता मोकळा होता, वारा समोरून लागत होता. गोंडपिपरीला चहासाठी थांबले तेव्हा त्याने खाली वाकून नळ्यांवरून बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट लेकीला दाखवलं. तिने मान डोलावली. त्याने चहात बिस्कीट बुडवलं आणि सोमवारी आत आधी कुठल्या बाजूने शिरायचं ते तिला समजावून सांगू लागला. सांगताना त्याला धाप लागत होती. ती ऐकत होती.

आष्टीचा पूल ओलांडून वैनगंगा मागे पडली आणि पुढे रस्त्याने आपलं खरं रूप दाखवलं. पावसाळ्यात उखडलेली खडी, गुडघाभर खड्डे, मधूनच चिखलात रुतलेला एखादा ट्रक. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. वारा थांबला. ऊन डोक्यावर आलं, दोन्हीकडच्या धानाच्या बांधीतून दमट वाफ येऊ लागली. लटारूला पायाशी गरम झळ लागली. रेडिएटरचा पंखा सुरू झाला, आणि सुरू झाला तो बंद होईचना. कान मंद असले तरी पंख्याची थरथर त्याला नडगीत कळत होती.

त्याने लेकीच्या खांद्यावरून मीटरकडे पाहिलं. इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला होता.

दिव्यानीनेही तो पाहिला होता. ती थांबेल म्हणून लटारू वाट बघत राहिला. ती थांबली नाही. एका सपाट तुकड्यावर तिने डावा हात मुठीवरून काढला आणि मीटरवर ठेवला, सहज ठेवावा तसा. खड्डा आला की हात क्लचवर जायचा, खड्डा संपला की पुन्हा मीटरवर. ती दिवा झाकत होती.

आधी त्याला काही उमजेना. पैज तर ती जिंकत होती, मग लपवते कशाला? आणि मग उमजलं. बाप हरू नये म्हणून ही पोरगी आपलं इंजिन जाळायला निघाली होती. तेरा गावं या गाडीवर फिरणारी पोरगी. आणि आपण गप्प बसलो तर ती तशीच दारापर्यंत नेईल, हसून म्हणेल की बाबा, जिंकलात.

तो गप्प बसू शकला असता. मुलचेरा आता दहा-बाराच किलोमीटर राहिलं होतं.

"थांबव," तो म्हणाला.

"पोचून राह्यलो, बाबा. थोडसंच राह्यलं."

"इंजिन जाम होईन. हात काढ थ्यावरचा अन् थांबव."

तिने गाडी मोहाच्या एका झाडाखाली घेतली. हेल्मेट काढून ती आधी बाटली घेऊनच धावली, पण त्याने अडवलं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नसतं आणि झाकण तर उघडायचंच नसतं. आपोआप निवू द्यायचं. मग तो गाडीपुढे वाकला. पाचही जागा ठणठणीत कोरड्या होत्या. एक थेंब गळला नव्हता. काम चोख झालं होतं आणि तरी गाडी तापली होती. त्याने जाळीवर बोट न टेकवता नळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि तिथेच खाली मातीत बसला.

"बावीस हायेत," तो म्हणाला. "बाविसातल्या पाच बुजवल्या मी. तिथी हजारो असतात, पाच गेल्या तं कोणाले समजत नाई. इथी मोजाले पायजे होतं. मी मोजल्याच नाई."

दिव्यानी म्हणाली की रस्ताच इतका खराब आहे, नव्या रेडिएटरनेही गाडी तापली असती. त्याने नकारार्थी मान हलवली. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिच्या मागून दोन बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन गेल्या आणि या दोघांकडे वळून वळून पाहत राहिल्या.

"मी थकलो, बाई," लटारू म्हणाला. "आतमंधी आता मले मेणबत्तीची जोत दिसत नाई नीट. मागच्या बारीले अंदाजानंच बुचं ठोकले."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. दिव्यानी त्याच्याशेजारी बसली आणि त्याचा हात धरून राहिली. तिने नाडी मोजली की नुसताच धरला, ते तिचं तिला माहीत.

इंजिन निवायला तासभर गेला. पुढे हळूहळू, वाटेत दोनदा थांबून, ते एका तलावाच्या पाळीवर आले. तिथे मोबाइलला टॉवर मिळतो, हे तिला ठाऊक होतं. लटारूने स्वतःहून फोन काढला आणि विनोदला लावला. बोलायला तो दहा पावलं दूर गेला. फोनचा आवाज मात्र त्याने कानांपायी कायम पूर्ण वाढवून ठेवलेला असायचा. पलीकडचा माणूस पाळीच्या या टोकालाही स्वच्छ ऐकू येतो, याची त्याला कल्पना नव्हती.

विनोद, माझं नाव काट, आता माझ्यानं होत नाही, असं लटारू म्हणाला. पुढे सांगायला त्याने बरंच काही जुळवून ठेवलं होतं: नवा माणूस कसा तयार करायचा, कुठल्या बाजूच्या नळ्या कच्च्या आहेत, लागलंच तर दोन दिवस येऊन दाखवून जाईन.

"बरं भाऊ, चालते," पलीकडून विनोद म्हणाला. "दुसरं पोट्टं हाये, त्याले टाकतो. तुमचा जुना पास तेवढा गेटवर जमा करून देजा." आणि फोन बंद झाला.

लटारू फोन हातात धरून तसाच उभा राहिला, तलावाकडे तोंड करून. दिव्यानी गाडीचा आरसा पुसत राहिली, पुसून स्वच्छ झाला तरी. मग तो आला. काय म्हणाला विनोद, असं तिने विचारलं.

"काय म्हनन," तो म्हणाला. "लय मागं लागला होता. भाऊ, तुमच्याबिगर युनिट सुरू नाई होत म्हने. मीच नाई म्हटलं."

दिव्यानीने हेल्मेट डोक्यात घातलं, पट्टा लावला.

"मंग काय तं," ती म्हणाली. "तुमच्यासारखा मानूस त्याइले आता कुठी भेटते?"

आणि तो मागे नीट बसेपर्यंत तिने गाडी सुरू केली नाही.