वहिनीच्या वायरकटचा बोर्ड

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. कासारवाडी स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याचं शटर मी तेव्हा वर करत होते. दुरुस्तीचं दुकान म्हटलं की आत कुणीतरी चष्मेवाला पोरगा असणार असं लोक धरून चालतात. असते मी, पन्नाशीची. "मॅडम, दुरुस्तीवाले कधी येतील?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं, ते दुपारपर्यंत जाग्यावर येत नाही.

"वन्सं, माजा कॉम्प्युटर गेला," वहिनी म्हणाली. "चालू केला आन् जळका वास आला. आता पंखाबी फिरंना. तुमी येता का?"

वहिनी सहसा कुणाला बोलावणारी नाही. मी शटर परत खाली ओढलं.

माझ्या थोरल्या भावाचा भोसरी एमआयडीसीत गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि कोपऱ्यात काचेच्या पार्टिशनमागे वायरकट. वायरकट म्हणजे तारेनं पोलाद कापणारं मशीन. केसासारखी बारीक तार सरसर खालीवर धावते, तिच्यातून वीज जाते, वरून पाणी पडत असतं आणि पोलादाची जाड पाटी हळूहळू कापली जाते. आकार कोणता कापायचा ते शेजारच्या कॉम्प्युटरवर काढायचं. कॉम्प्युटरच्या आत एक कार्ड बसवलेलं असतं, ते मशीनला हुकूम देतं. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांना डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे लागतात, त्या डायचे तुकडे आमच्याकडे कापून जातात.

हे मशीन वहिनी चालवते. ती चाकणच्या पलीकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची, दहावी झालेली. पूर्वी मशीनवर एक ऑपरेटर होता. त्याला चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइमसकट चांगली नोकरी लागली आणि तो गेला. दुसरा मिळेपर्यंत म्हणून वहिनी त्या खुर्चीवर बसली. तो काम करायचा तेव्हा तिनं बघून ठेवलं होतं, बाकीचं चुकत चुकत शिकली. दुसरा ऑपरेटर कधी शोधलाच नाही कुणी. आकारांच्या फायलींना ती स्वतःची नावं देते. एकीचं नाव करंजी, एकीचं विळा, एकीचं बैलाचं शिंग. गिऱ्हाईक ड्रॉइंगचा लांबलचक नंबर सांगतं आणि ही म्हणते, "म्हंजी करंजी. देते उद्या."

मी गाळ्यात पोचले तेव्हा दादा लेथपाशी होता आणि वहिनी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेली. तिला अशी रिकामी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. बंगळूरच्या माझ्या भाच्याला, म्हणजे तिच्या मुलाला, दादानं सकाळीच कळवलं होतं. भाचा मोठ्या कंपनीत आहे. त्यानं सांगितलं, पप्पा, ते जुनं भंगार काढा, मी नव्या वायरकटची चौकशी केलीय, विकणारे ऑपरेटरही देतात, म्हणजे आईचंही गाळ्यावर येणंजाणं वाचेल. आणि दादा हो म्हणाला होता.

"मला इचारलं न्हाई," वहिनी म्हणाली. दादाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. "मला घरी बसायचं न्हाई, वन्सं. दिघीतल्या त्या चार भिंतीत मला याड लागंल. हे चालू करून द्या. चालू झालं की कुनी काई म्हणनार न्हाई."

दादा लेथला ऑइल देत राहिला. विकणारा माणूस दिवाळीआधी येऊन गाळा बघून जाणार होता.

मी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि बघतच राहिले. वर्कशॉपमधला जुना कॉम्प्युटर उघडला की आत धुळीची गोधडी निघते. इथं सगळं लख्ख. पण नीट बघितल्यावर मदरबोर्डभर तांबूस थेंबांचे डाग दिसले, बोटाला तेल लागलं, आणि प्रोसेसरच्या शेजारचे दोन कपॅसिटर फुटलेले. पंख्याच्या पात्यांना हळदकुंकू.

खंडेनवमीला आमच्या भागात हत्यारं खाली ठेवतात. गाळ्यागाळ्यात मशीनं बंद करून धुतात-पुसतात, हार घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. आणि वर्कशॉपमधला माणूस सफाई एकाच गोष्टीनं करतो, कंप्रेसरच्या हवेनं. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते रोज सोडायचं असतं. दादाच्या गाळ्यात ते आठवण झाली तर सोडतात. त्यामुळे तिथल्या एअरगनमधून हवेबरोबर पाणी येतं, तेल येतं, गंजही येतो. लेथला त्याचं काही वाटत नाही.

"दादा, यात हवा मारलीस?"

"धूळ होती," दादा पाठमोराच म्हणाला.

"अरे, लेथ वाटला का तुला हा? थेट पाणी फवारलंस तू बोर्डवर!" मी आणखीही पुष्कळ बोलले. रागाच्या भरात मला थांबता येत नाही, आणि दादा उलटून बोलत नाही म्हणून मला जास्तच चेव येतो.

वहिनी मात्र एवढंच म्हणाली, "इतकी वर्सं धूळ होती. याच वर्सी दिसली व्हय?"

दादा एअरगनची नळी गुंडाळायला लागला.

हार्ड डिस्क दुकानात आणून तपासली. ती शाबूत होती. तसा वहिनीला लगेच फोन केला, कारण तिच्या करंज्या आणि विळे सगळे त्यातच. कार्डही वाचलं होतं. मेला होता तो बोर्ड, आणि खरी पंचाईत तिथंच होती. ते कार्ड ज्या लांब पांढऱ्या खाचेत बसतं ती खाच आताच्या बोर्डांवर सहसा नसते. नवा बोर्ड घ्यावा तर कार्ड निकामी, कार्ड बदलावं तर मशीनचा सगळा कंट्रोलर बदला, आणि मग नवं मशीनच घ्या. भाच्याचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं.

कंपन्यांचे टाकून दिलेले कॉम्प्युटर उचलणारे एक चाचा माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे जुने बोर्ड भाकऱ्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. मी फोटो दाखवला. त्यांनी ढिगातून एक बोर्ड ओढला, त्याच पिढीतला, दोन पांढऱ्या खाचा असलेला. "ताई, आधी चालू करून बघा, मग न्या," म्हणाले. त्यांच्या टेबलावर तो चालू झाला, बीप वाजली, आणि मला त्या बीपचा इतका आनंद झाला की चाचा हसायला लागले.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. आजूबाजूचे पत्रा ठोकणारे प्रेस बंद, रस्त्यावर टेम्पो नाहीत. वहिनीच्या टेबलावर आम्ही धुतलेली चादर अंथरली. तिनं बॅटरी धरली आणि मी जुना बोर्ड सोडवला. कॅबिनेटच्या तळाला पितळी खुंट्या असतात, बोर्ड त्यांच्यावर टेकतो. नव्या बोर्डाची भोकं वेगळ्या जागी होती, त्यामुळे एक खुंटी काढून दुसरीकडे लावली. ती तशीच राहिली असती तर बोर्डाच्या पाठीला टोचून शॉर्ट झाला असता. मग प्रोसेसर. त्या काळच्या बोर्डात सॉकेटमध्ये केसासारख्या पिना असतात. एक वाकली तरी खेळ संपला. प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. वहिनी श्वास रोखून बघत होती, आणि ती श्वास रोखते म्हणून मलाही श्वास घेता येईना. "वहिनी, तुम्ही जरा तिकडं बघा," मी म्हटलं. तिनं तोंड फिरवलं पण बॅटरी हलवली नाही.

पेस्ट लावली, पंखा चढवला, रॅम खटकन बसली. स्विचच्या आणि दिव्याच्या त्या बारीक वायरी चष्मा कपाळावर सरकवून लावल्या. दादा दोनदा येऊन डोकावून गेला. तिसऱ्यांदा मी त्याला चहा आणायला पिटाळलं.

बटण दाबलं. बीप. पडद्यावर अक्षरं आली, विंडोजचं चित्र आलं आणि लगेच निळा पडदा.

वहिनीच्या हातातली बॅटरी खाली आली. "गेलं का?"

"काही गेलं नाही. बोर्ड डिस्कशी नव्या रीतीनं बोलतोय. ही डिस्क जुन्या रीतीची. त्याला सांगायला हवं."

मला हे काम आवडतं ते याच्यासाठी. आताचे बोर्ड सगळं आपलं आपण ठरवतात, आपल्याला विचारतसुद्धा नाहीत. जुन्याला बसून सांगावं लागतं. आज तारीख काय, डिस्कशी कोणत्या भाषेत बोलायचं, कशावरून सुरू व्हायचं, कुठली वस्तू बंद ठेवायची. दुसऱ्या कुणाच्या तरी ऑफिसात त्यानं कितीतरी वर्षं काम केलेलं असतं, त्या सवयी त्याच्या अंगात असतात. मी बोर्डावरचा बारका सेल नवा घातला, सगळ्या सवयी पुसल्या आणि एकेक ओळ बदलत गेले. झोपण्याची सोय आधी बंद केली, कारण पोलाद कापता कापता कॉम्प्युटर झोपला तर तो तुकडा, म्हणजे आख्खा जॉब, वाया. या वेळी विंडोज उठली आणि नव्या बोर्डाची एकेक वस्तू ओळखत बसली.

त्यात बराच वेळ जातो. दादा चहा घेऊन आला होता. तिघं तीन स्टुलांवर बसलो. मला राहवलं नाही. "दादा, पण तू मुळात हा उघडलासच कशाला? आजवर तर कधी हात लावला नाहीस."

तो पेल्यात बघत राहिला. मग म्हणाला, "सगळ्या मशीनची पूजा व्हायची. लेथ, मिलिंग, ड्रिल. वायरकटलाही हार घालायचो. हा डबा तेवढा राहायचा. यंदा मनात आलं, हिचं सगळं काम तर ह्याच्यावर. म्हणून साफ केला, कुंकू लावलं."

मी खजील झाले असं सांगता येणार नाही, बोर्ड जळाला होता तो जळालाच होता. पण माझा राग एकदम बसला. ज्या माणसाला बायकोचं कौतुक चारचौघांत तोंडानं करणं जमलं नाही, त्यानं ते एअरगननं केलं होतं. मला वाटलं वहिनी विरघळेल.

ती म्हणाली, "मग आजवर का न्हाई केली पूजा?"

तिनं पेला खाली ठेवला आणि पडद्याकडे तोंड केलं. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि दादाची दयाही आली.

प्रोग्राम उघडला, पण त्याला कार्ड दिसेना. मी कार्ड काढलं, त्याची सोनेरी कड खोडरबरानं घासली आणि दुसऱ्या खाचेत बसवलं. पुन्हा चालू केलं. या वेळी यादी उघडली. करंजी, विळा, बैलाचं शिंग, सगळी जागच्या जागी. वहिनीनं डोळ्यांना पदर लावला, मग त्याच पदरानं पडदा पुसला आणि मला म्हणाली, "उठा आता." मी खुर्चीतून उठले, ती बसली.

तिनं पाटीचा तुकडा बांधला, तार ओवली, पाणी सोडलं. ठिणग्या सुरू झाल्या आणि गाळाभर तो आवाज भरला. मशीन थांबल्यावर दादानं तुकडा पुसून मायक्रोमीटरनं मोजला, दोन वेळा मोजला. "बरोबर आहे," म्हणाला.

खोटं बोलायचं नाही म्हणून मी दोघांना सांगून टाकलं, की हा बोर्डही म्हातारा आहे. चालेल तेवढा चालेल. कधीतरी नवं मशीन घ्यावंच लागेल.

वहिनीनं मान हलवली. दादाच्या हातातला तुकडा घेऊन ती परत परत पुसत राहिली, आणि तेच मला सहन होईना. दादा उठला. हात तेलकट होते म्हणून फोन टेबलावर ठेवून त्यानं स्पीकर लावला आणि भाच्याला फोन केला.

"नवं मशीन बघ तू," दादा म्हणाला. "सावकाश बघ, घाई नाही. पण ऑपरेटर नको म्हणावं. आपल्याकडे ऑपरेटर आहे. नव्यावर काय शिकवायचं ते त्यांनी इथं येऊन शिकवावं."

"ऑपरेटर?" भाचा म्हणाला. "कधी ठेवला? कोण आहे?"

दादानं वहिनीकडे बघितलं. "तुझी आई."

भाचा हसला, अगदी निर्मळ हसला. "काय पप्पा! आई तर डबा घेऊन येते ना तिथं?"

माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं. वहिनीचा हात बटणाकडे गेला होता, पुढचा जॉब लावायचा होता. दादा फोनवर वाकला आणि म्हणाला, "थांब. ठेवू नकोस. ऐक." आणि त्यानं तो ऑपरेटर चाकणला गेला तिथून सांगायला सुरुवात केली. दादा बोलका माणूस नाही. अडखळत होता, मागंपुढं होत होता. वहिनी पडद्याकडेच बघत होती, पण तिनं मशीन चालू केलं नाही. त्या आवाजात तिला त्याचं बोलणं ऐकू आलं नसतं.