हौगांगमधलं बोरनहाण

नोकरीचा फोन आला तेव्हा मी लेकीला मऊ भात भरवत होते. फोन ठेवला आणि आनंदानं ओरडायचं सोडून हातात चमचा धरून नवऱ्याकडे बघत बसले. सिंगापूरला आल्यापासून मी त्याचं डोकं खाल्लं होतं. तुझ्या मागे आले आणि माझी इंजिनिअरिंगची डिग्री पेटीत पडली, हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं की मी तोंड उघडलं की तो उरलेलं स्वतःच म्हणायचा. आणि आता तुआसमधल्या एका कारखान्यानं मला क्वालिटीमध्ये बोलावलं होतं. कामाच्या पासचं वगैरे सगळं तेच बघणार होते. अडचण एकच होती आणि ती माझ्या मांडीवर बसून भात थुंकत होती.

आम्ही राहतो हौगांगला. तुआस म्हणजे बेटाचं पार दुसरं टोक. उजाडायच्या आत घर सोडायचं आणि दिवे लागल्यावर परत यायचं. वर्षाचीही न झालेली पोर दिवसभर कोण बघणार? आसपासच्या सगळ्या पाळणाघरांत वेटिंग होतं. चोवीस तासांची बाई ठेवायची तर तिला झोपायला कुठे, गॅलरीत? आमचा फ्लॅट केवढासा! सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, पण त्यांचा व्हिजिट पास संपत आला होता. "मी राहिले असते गं," असं त्या रोज एकदा म्हणायच्या आणि नातीचा गालगुच्चा घ्यायच्या. मला त्यांचं ते म्हणणं ऐकवत नसे.

राहता राहिल्या समोरच्या आंटी. कॉरिडॉरमध्ये आमच्या दारासमोरच त्यांचं दार. सत्तरीच्या, चिनी, काटक. त्यांनी त्यांची नातवंडं वाढवली होती आणि ती आता मोठी होऊन मोबाईलला चिकटली होती. माझी लेक दिसली की आंटी जाळीच्या दारातून जीभ काढून दाखवायच्या आणि आमची बया, जी सख्ख्या मावशीलाही बघून भोकाड पसरते, ती खिदळायची. मी सगळा धीर गोळा करून त्यांना विचारलं. दिवसा सांभाळाल का हिला?

आंटी ‘कॅन’, म्हणजे इथलं हो, म्हणाल्या नाहीत आणि ‘कॅनॉट’ही म्हणाल्या नाहीत. "आय सी फर्स्ट लाह," म्हणाल्या. "न्यू इयर कम, देन आय टेल यू."

त्यांचं नवीन वर्ष म्हणजे साधं प्रकरण नव्हे. वर्षाची सुरुवात जशी होईल तसं सगळं वर्ष जातं अशी त्यांची पक्की समजूत. पहिल्या दिवशी केर काढायचा नाही, काही फोडायचं नाही, वाईट बोलायचं नाही. म्हणजे नवीन वर्षात आमच्या घराकडे बघून त्यांच्या मनाला काय वाटतं, त्यावर माझी नोकरी लटकली होती. मीही काही कमी नाही. सगळी माहिती काढली. पहिल्या दिवशी मी, नवरा आणि लेक लाल कपड्यांत, दोन संत्री दोन्ही हातांनी धरून, वाकून आंटींच्या दारात हजर. नवऱ्याचा लग्नातला लाल कुर्ता त्याला पोटावर होत नव्हता, तरी कोंबला. आंटी खूश झाल्या. लेकीच्या मुठीत लाल पाकीट दिलं, ते तिनं लगेच चावलं. घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, झालं काम!" कारखान्याला पुढच्या सोमवारी रुजू होते म्हणून कळवूनही टाकलं, तेही कॉरिडॉरमध्ये उभं राहून, फोनवर मोठमोठ्यानं.

त्याच आठवड्यात शनिवारी रथसप्तमी होती. सासूबाईंना पुण्याला परतण्याआधी नातीचं पहिलं बोरनहाण उरकायचंच होतं. संक्रांतीला लेकीला ताप होता म्हणून राहिलं होतं, आता रथसप्तमी ही शेवटची संधी. हलव्याचे दागिने त्यांनी पुण्याहून हातातल्या पिशवीतून, मांडीवर धरून आणले होते. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, एवढ्याशा बांगड्या. इथल्या दमट हवेत ते पाझरू नयेत म्हणून ते एसीच्या खोलीत होते आणि आम्ही बाहेर पंख्याखाली. माझ्या आईनं काळं झबलं शिवून पाठवलं होतं. सगळं जमलं होतं, बोरं सोडून. नवरा टेक्का मार्केट पालथं घालून हिरवीगार थाई बोरं घेऊन आला, एकेक सफरचंदाएवढं. सासूबाईंनी एक हातात तोलून बघितलं.

"हे डोक्यावर घातलंस तर पोर आडवी होईल," त्या म्हणाल्या. मग चुरमुरे, हलवा आणि गोळ्यांवरच भागवायचं ठरलं.

आंटींना मी आवर्जून बोलावलं. बेबीचं फंक्शन आहे, नक्की या. म्हटलं, वर्षाची सुरुवात, घरात पोरंबाळं, गोडधोड, हसणं. याहून चांगला शकुन काय असणार? ओळखीच्या मराठी घरांतली चार पोरंही बोलावली, खाऊ लुटायला कुणीतरी हवं ना.

शनिवारी सकाळी आम्ही सजलो. सासूबाईंची काळी चंद्रकळा, माझी काळी पैठणी, नवऱ्याचा काळा झब्बा. मधोमध पाटावर लेक, काळ्या झबल्यात, डोक्यापासून कमरेपर्यंत पांढऱ्या हलव्यानं मढलेली. शेजारी पांढऱ्या चुरमुऱ्यांचं भलंमोठं पातेलं. इतकी गोड दिसत होती कार्टी! मी फोटो काढत असतानाच आंटी दारात आल्या. लालभडक फुलाफुलांचा ब्लाउज, केस सेट केलेले, चेहऱ्यावर हसू. त्यांनी आत बघितलं. एकेकाला बघितलं. मग पाटावरच्या पोरीला बघितलं आणि त्यांचं हसू पार मावळलं.

"हू पास अवे?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

मीही वळून आमच्या सगळ्यांकडे बघितलं. काळे कपडे, वर पांढऱ्या माळा. याच कॉरिडॉरखाली, इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, मी त्यांच्यातले अंत्यविधी बघितले होते. काळ्या-पांढऱ्या कपड्यांत बसलेली माणसं बघितली होती. दुसऱ्याच्या घरी लाल घालून जायचं एवढं मी शिकले, पण आपल्या घरी आपण काय घालतो याचा विचारच डोक्यात आला नाही. संक्रांत म्हणजे काळं, हे इतकं अंगात मुरलेलं!

मी घाईघाईनं समजवायला लागले. नो नो आंटी, कोणी गेलं नाही, हा सण आहे, थंडीचा, काळा रंग ऊब धरतो म्हणून घालतो.

"कोल्ड?" आंटी म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता, माझ्या पैठणीत तर मी वाफलेच होते. "वेअर गॉट कोल्ड?" आणि उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता त्या वळल्या. समोरचं दार बंद झालं.

"गेली नोकरी," मी म्हटलं आणि मटकन सोफ्यावर बसले. मग नवऱ्यावर उखडले. "तू दहा वर्षं राहतोयस ना इथे? तुला कळू नये?"

"मला कसं कळणार? मी तर काळ्या कपड्यातच ऑफिसला जातो," तो म्हणाला. या माणसाला कधी काय बोलावं ते कळत नाही.

सासूबाईंना मी काय झालं ते सांगितलं. "अगं बाई!" म्हणून त्या आधी तोंडावर हात ठेवून बसल्या आणि मग खांदे हलवत हसायलाच लागल्या. मी रडकुंडीला आलेली आणि यांना हसू! मी उठले, म्हटलं, झबलं काढते, लाल फ्रॉक घालते, अजून वेळ गेलेली नाही. सासूबाईंचं हसू थांबलं. "पहिल्या बोरनहाणाला काळं काढायचं? मी असेपर्यंत तरी नाही." त्यांनी पोरीला एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. बाजूबंदाचे दोन दाणे तुटून पडले ते पोरीनं तोंडात घातले. पोरं कंटाळून मला विचारायला लागली, "आंटी, वेन स्टार्ट लाह?"

तेवढ्यात बेल वाजली.

दारात आंटी. एका हातात बाळाचं लाल रेशमी जाकीट, सोनेरी गुंड्यांचं, अजून गरम, म्हणजे नुकतीच इस्त्री फिरवलेली. दुसऱ्या हातात झाकलेला वाडगा. या वेळी त्या तडक आत आल्या.

"टुडे सेवन्थ डे," त्या मला दटावून म्हणाल्या. "एव्हरीबडी बर्थडे. बेबी ऑल्सो बर्थडे. बर्थडे कॅनॉट ब्लॅक!"

त्यांच्या नवीन वर्षाचा सातवा दिवस म्हणजे सगळ्या माणसांचा वाढदिवस, हे मला त्या दिवशी कळलं. मी ते सासूबाईंना सांगितलं तर त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं, मग आपल्याकडे तरी काय? रथसप्तमी म्हणजे सूर्याचा जन्मदिवस! सांग की त्यांना." मी सांगितलं. आंटींनी खिडकीतून बाहेर, रणरणत्या उन्हाकडे बघितलं आणि पटल्यासारखी मान हलवली.

मग त्या पाटासमोर बसल्या आणि जाकीट उघडलं. माझा जीव टांगणीला. दोन म्हाताऱ्या, मध्ये माझी पोर, आणि दोघीही हट्टी. आंटींनी हार वर उचलून झबल्यावरच जाकीट चढवलं, गुंड्या लावल्या, हार परत नीट बसवला. सासूबाई बारकाईनं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "असू दे. आत काळंच आहे ना." मी देवाचे आभार मानले.

आंटींनी वाडग्यावरचं झाकण काढून तो चुरमुऱ्यांच्या पातेल्यात उपडा करायला घेतला. एवढं पांढरं त्यांना बघवत नव्हतं, लाल काहीतरी हवंच होतं. आत सुरकुतलेली लाल फळं होती, त्यांच्या सुपांमध्ये घालतात ती. सासूबाईंनी चटकन एक उचललं, वास घेतला, दातांनी तोडलं. आत लांबट बी निघाली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अगं, ही तर बोरं आहेत! वाळलेली बोरं! अख्खं मार्केट पालथं घातलं आणि बोरं शेजारच्या घरात!"

खरंच बोरं. जराशी गोड, चव अगदी शाळेबाहेरच्या गाडीवरच्या सुक्या बोरांच्या जवळ जाणारी. सासूबाईंनी आंटींचा हात धरला आणि आपल्या हातावर ठेवला. दोघींनी मिळून ओंजळ भरली आणि पोरीच्या डोक्यावर सोडली. चुरमुरे उडाले, बोरं टपटपली, लेक आधी दचकली आणि मग अशी हसली, अशी हसली की मुकुट एका कानावर आला. पोरं तुटून पडली. "मोर! मोर लाह!" नवराही गुडघ्यांवर रांगत गोळ्या गोळा करत होता, मोठा मॅनेजर म्हणे! सासूबाईंनी हळदकुंकू आणलं. कुंकवाचा लाल रंग बघून आंटींनी आपणहून कपाळ पुढे केलं. मला इतकं छान वाटत होतं की नोकरीचं मी विसरूनच गेले होते.

सगळे पांगल्यावर मी लेकीला मांडीवर घेतलं आणि हाराचा एकेक हलवा तोडून तिच्या तोंडात घालत बसले. आंटी खुर्चीतून उठल्या आणि माझा हात धरला.

"सो मच शुगर! वाय लाइक दॅट?" त्या चांगल्याच रागावल्या होत्या. "फ्रॉम मंडे, माय हाउस नो शुगर. पॉरिज, फिश, पपाया."

"फ्रॉम मंडे?" मी विचारलं.

"युअर फॅक्टरी मंडे स्टार्ट, नो? देन?" मी भलतंच काही विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला हुंदकाच फुटला. पैठणीच्या पदरानं नाक पुसलं, माझ्या आईनं बघितलं असतं तर मारलं असतं. सासूबाई घाबरून विचारायला लागल्या, काय म्हणाल्या त्या, नाही म्हणाल्या का? मी मान हलवली. "सांभाळणार आहेत, आई. सोमवारपासून."

 सासूबाईंनी माझ्या मांडीवरून नात उचलली, तिच्या केसांतले चुरमुरे एकेक करून वेचले, तिचा मुका घेतला आणि तिला आंटींच्या मांडीवर नेऊन ठेवलं. मग समोर जमिनीवर बसून त्या शुद्ध मराठीत सांगायला लागल्या. दुपारी पालथी झोपते. वरण पातळ लागतं. रडायला लागली की उचलून घेऊ नका, नुसतं पाठीवर थोपटा, लगेच गप्प होते. सांगता सांगता त्यांचा आवाज चिरकला, पण त्या थांबल्या नाहीत. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर नवऱ्यानं डोळ्यानं नको म्हणून खुणावलं.

आंटींना एक अक्षर कळत नव्हतं. "कॅन," त्या प्रत्येक वाक्यानंतर म्हणत होत्या, "कॅन, कॅन," आणि लेकीच्या पाठीवर हळूहळू थोपटत होत्या.