हक्कसोडपत्र वाचून दाखवणारी मुलगी

मार्चचा दुसरा सोमवार. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडायचा आणि दुपारच्या एसटीनं महाडहून पोलादपूरला परतायचं, एवढंच काम होतं. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतातच. मीही फार विचार केला नव्हता.

वकिलांच्या ऑफिसात कायदा शिकणारी तीन मुलं कामाला येत होती. एक इंग्रजीत फोन घेत होता, दुसरा साहेबांची बॅग उचलत होता. तिसरी, चष्मेवाली मुलगी, ओळीखाली बोट धरून मला हक्कसोडपत्र वाचून दाखवू लागली. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून ती माझ्याकडे बघायची.

“म्हणजे काकू, विहिरीजवळच्या तुकड्यातबी तुमचं काय उरत नाय. चालंल?”

“तिला सगळं माहीत हाय गो,” मुंबईहून रजा काढून आलेला भाऊ म्हणाला. “सही कुठं करायची ते दाखव.”

“मग वाचल्यानं काय बिघडतंय, मामा?”

विहिरीजवळचा तुकडाही यात धरलाय, हे मला माहीत नव्हतं. सही न करताच मी पेन खाली ठेवलं. वकिलांनी तिच्याकडे असं पाहिलं, की बाहेर जिन्यात मी तिला विचारलं, “तुझं काम गेलं का?”

“तिघांतल्या एकालाच नोकरीवर ठेवणारेत. मार्कांत मी शेवटची,” ओढणीनं चष्मा पुसत ती म्हणाली. “पण वाचून दाखवणारी मी एकटीच हाय.”

एवढ्यावर कुणी नोकरी देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकिलांना फोन केला. विहिरीजवळचा तुकडा ठेवून बाकीचं सोडते, म्हटलं. नवा कागद त्याच मुलीनं वाचला तर सही करीन, नाहीतर पोलादपुरातही वकील आहेत.