तुरीच्या आडून

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ऐकायला नको. दूधवाल्याने माप भरून दिलं तरी मला वाटतं, आज यानं पाणी घातलेलं दिसतं. कारंज्याच्या बाजारात अडत्याने स्वतःहून चहा पाजला, तर मी काट्याकडे दोनदा बघतो. बायको म्हणायची, तुमाले देव भेटला तरी तुमी त्याले आधार कार्ड मागसान.

दिवाळीनंतर तीच गप्प झाली. सोयाबीन घरात आलं होतं, मुलासाठी शिरपूरकडची सोयरीक चालून आली होती, वाईट म्हणावं असं काही नव्हतं. तरी ही बाई अर्धी भाकर खाऊन ताट सारायची, भाजीत मीठ विसरायची, आणि विचारलं तर म्हणायची, काही नाही. दुःखाला कारण लागतं असं मी समजत होतो. कारण दिसत नाही म्हणजे ते कोणीतरी लपवलं आहे, हा माझा हिशेब.

त्यात ती रोज दुपारी वावरात जाऊ लागली. तूर हिरवी उभी, शेंगा अजून वाळायच्या; तिथे तिचं काही काम नव्हतं. तास-दीड तासाने परत यायची ती रिकाम्या हातांनी, गवताची पेंडी नाही की सरपणाची काडी नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. माहेरी फोन लावत असेल. भावाला हिश्शाचं बोलत असेल. त्याहून वाईटही मनात आलं, खोटं कशाला बोलू? एकोणतीस वर्षांच्या संसारात कधी आलं नव्हतं, ते आलं.

म्हणून एक दिवस आडवाटेने मी तिच्या आधी वावरात पोचलो आणि तुरीच्या ओळीत दडून बसलो. ती आली. विहिरीच्या काठावर बसली, चपला काढून बाजूला नीट ठेवल्या, आणि खाली पाण्याकडे बघत राहिली. फोन घरीच होता. कोणी आलं नाही. मग ती उठली, चपला घातल्या आणि घरी गेली. असं मी आठ दिवस पाहिलं. हिरव्या शेंगा सोलून खायच्या आणि पायवाटेवर नजर ठेवायची. आठव्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. कोणी येत नाही, ही कोणाशी बोलत नाही, म्हणजे भानगड काही नाही. घरी येऊन मी खुशीत चहा मागितला.

डिसेंबरात धाकट्या भावाची मुलगी गावी आली. ती अमरावतीला मानसशास्त्र शिकते. कॉलेजच्या कामासाठी ती घरोघरी जाऊन बायांना छापील प्रश्न विचारत होती. आमच्याकडे कागद घेऊन येणारा माणूस म्हणजे एक तर योजना, नाही तर पंचनामा. आणि कागदापुढे घरचा पुरुष बोलतो, बाई चहा आणते. त्या सवयीने मीच खुर्ची ओढून बसलो. गेल्या पंधरा दिवसांत झोप कशी लागली? चांगली. जेवण? पोटभर. आवडीच्या कामात मन रमतं का? रमत नाही तर काय. प्रश्न बायकोला होते, उत्तरं मी देत होतो आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पंचनाम्यात आम्ही नुकसान वाढवून सांगतो. इथे मी सगळं निरंक लिहून घ्यायला लावलं. मनाच्या आजाराचा कागद घराबाहेर गेला आणि शिरपूरला कळलं, तर सोयरीक मोडायला कितीसा वेळ?

पुतणीने पेन खाली ठेवला. "मोठेबाबा, तुमी जरा भाईर बसा. हे मोठीआईनं सांगाचं हाय."

मला राग आला. कालची पोर मला माझ्याच घरातून बाहेर काढते. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आत माझ्याच तक्रारी चालल्या असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पाऊण तासाने पोरगी आली. तिचे डोळे लाल होते.

"मोठीआईले इचारूनच तुमाले सांगून राह्यली," ती हळू आवाजात म्हणाली. "ते इहिरीवर कायले जाते, मालूम हाय का तुमाले?"

मला मालूम होतं. आठ दिवस डोळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, "तिथं कोणीच येत नाही."

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. मग त्या नीट काढून ठेवलेल्या चपला आठवल्या. मी फाटक सोडलं आणि आत तिच्याकडे गेलो.

त्या दिवसापासून तिला एकटं सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी वाशिमच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरला दाखवलं. तिथेही मी माझ्या वळणावर गेलो. या गोळ्या गुंगीच्या तर नाहीत, हे मी डॉक्टरला तीनदा विचारलं. परतीच्या एसटीत पुतणी मला समजावत होती. मनाचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलंय, की माणूस एक गोष्ट शोधायला बसला की दुसरी समोरून गेली तरी त्याला दिसत नाही. डोळे चांगले असतात, लक्ष गुंतलेलं असतं. शिवाय, मरणाचं मनात येतं का असं सरळ विचारल्याने ते कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. दुसरा कोणता विषय असता तर मी म्हटलं असतं, पुस्तकातलं बोलते पोरगी. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी स्वतः करून बसलो होतो. त्या शास्त्राला माझ्याकडून वेगळा पुरावा नको होता.

आधी तिची झोप परत आली, मग भाजीतलं मीठ. जानेवारीच्या शेवटी तूर सोंगायला आली, तेव्हा तीही विळा घेऊन निघाली. मी सोबत होतोच. कापत कापत आम्ही विहिरीजवळच्या ओळीत आलो. तिथे जमीन दबलेली होती आणि शेंगांची वाळलेली टरफलं पडली होती. ती थांबली.

"इथंच बसत होते ना तुमी?"

मी पायाने टरफलं मातीत सारली.

"मले पयल्याच दिवशी दिसले. तुमची टोपी दिसे."

"मंग बोलली काहून नाही?"

तिने कापलेल्या तुरीची पेंडी बांधली, गाठ आवळली. "तुमी रोज येत होते. मले वाटे, आता उठसान, आता हाक मारसान. वाट पाहू पाहू मंग घरी जाओ मी."

आणि ती पुढच्या ओळीला लागली. मला लाज वाटली, आणि भीतीही वाटली, आता, इतक्या दिवसांनी. तूर निघाल्यामुळे विहीर उघडी दिसत होती.

"अवं," मी हाक मारली. काम काहीच नव्हतं. ती थांबली.