हनुवटीखालचा हात

खाली बघून बोलणारा माणूस सुखदेव ओव्हाळांना सहन होत नसे. बिबवेवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आलेला वायरमन मीटरकडे तोंड करून बोलू लागला, तरी ते म्हणत, "वर बघून बोल की. चोरी केलीय का काय?"

त्याला कारण होते. करमाळा तालुक्यातल्या त्यांच्या गावी त्यांचा बाप चावडीसमोर उभा राही तो स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत. एकदा बोलता बोलता त्याची नजर वर गेली, तर पाटलाच्या माणसाने काठीच्या टोकाने त्याची मान पुन्हा खाली केली. लहानग्या सुखदेवांनी ते खांबाआडून पाहिले. पुढे आयटीआय करून ते पुण्यात आले, कारखान्यात फिटर झाले, आणि एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली: आपले पोर कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवून बोलेल.

नेमके त्यांचे पोर कुणाकडे बघत नसे. समाधान पंख्याकडे बघे, सतरंजीच्या दशांकडे बघे, बापाच्या सदऱ्याच्या बटणांकडे बघे. मग रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर सुखदेव त्याला बाबासाहेबांच्या तसबिरीखाली समोर बसवत, हनुवटीखाली हात घालून त्याचा चेहरा वर उचलत आणि म्हणत, "बघ माझ्याकडं. डोळ्यात बघ. तुझ्या आज्यासारखी मान घालायची नाय."

समाधानच्या डोळ्यांतून पाणी येई. घशातून एक बारीक घुमणारा आवाज निघे. आत कांताबाई भाकरी जरा जास्तच जोराने थापू लागत. सुखदेवांनी पोरावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. ते फक्त धरून ठेवत, नजर भिडेपर्यंत. दोन भुवयांच्या मधोमध बघितले की अप्पा हात काढतात, हे समाधानच्या कधीतरी लक्षात आले. त्या दिवशी आपण जिंकलो असे सुखदेवांना वाटले.

समाधान इंजिनिअर झाला आणि खराडीकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या कामाला लागला. कंपनीची बस त्याला चौकातून घेऊन जाई तेव्हा सुखदेव काही कारण नसताना तिथे उभे असत.

त्या कंपनीत वाढदिवसाला केक कापत आणि ज्याचा वाढदिवस असे त्याच्या तोंडाला तो फासत. दर वर्षी समाधान त्या दिवशी रजा टाकत असे. या वर्षी काम तातडीचे निघाले आणि रजा मिळाली नाही. टेबलाभोवती सगळे जमले. त्याच्या टीमचा प्रमुख कौस्तुभ, तसा मनाने चांगला माणूस, हातात केक घेऊन पुढे झाला. "अरे, वर बघ ना, फोटो काढतायत," असे म्हणून त्याने दुसऱ्या हाताने समाधानची हनुवटी उचलली.

समाधानचे कोपर वर गेले. कौस्तुभचा चष्मा फुटला आणि डोळ्याखाली काच लागली. सगळे ओरडू लागले तेव्हा समाधान कान दाबून टेबलाखाली जाऊन बसला होता.

कंपनीच्या गाडीने त्याला घरी आणून सोडले. त्यानंतर तो कपाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत बसून राहू लागला. बोलणे बंद. कंपनीतून फोन आला: सोमवारी घरच्या माणसाला घेऊन या, कामावर ठेवायचे की नाही ते ठरवू. फोनवरच्या बाईने शनिवार पेठेतल्या एका समुपदेशन केंद्राचा पत्ताही दिला.

"वेड्याचं केंद्र हाय का ते?" कांताबाईंनी विचारले.

सुखदेवांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा बाहेर काढला.

केंद्र म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. समुपदेशक मंदाकिनीबाई तिथे एकट्याच होत्या. साठीच्या, कापलेल्या केसांच्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सरळ विचारले, "लहानपणी घरी त्याला कुणी मारायचं का?"

सुखदेव उठले. "आमची वस्ती, आमचं आडनाव बघून विचारलंत ना हे?"

"अहो!" कांताबाईंनी त्यांची बाही धरली.

"मी सगळ्यांना विचारते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सदाशिव पेठेतल्यांना दोनदा विचारते. ते पहिल्या वेळी नाही म्हणतात."

कांताबाईंना हसू आवरले नाही. सुखदेव मात्र उभेच राहिले, आणि उभ्यानेच चावडी, काठी, तसबीर, हनुवटी असे सगळे बोलून गेले. हे त्यांनी आजवर कांताबाईंनाही अशा क्रमाने सांगितले नव्हते. मंदाकिनीबाईंनी पेन खाली ठेवले.

"आपण बसा," त्या म्हणाल्या. "माझा प्रश्न चुकला नव्हता, पण आपल्याला तो कसा लागेल ते माझ्या डोक्यात आलं नाही. कित्येक जणांना डोळ्यांत बघणं सोसत नाही, ओव्हाळसाहेब. त्यात भित्रेपणा नसतो की उद्धटपणा. त्यांच्या मेंदूची घडणच तशी असते. समाधानचं तसं आहे का, ते त्याला भेटल्याशिवाय मी सांगणार नाही. तो इथे येणार नसेल तर मी तिकडे येते."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. येताना त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि उंबऱ्यातूनच समाधानला विचारले, "मी आत येऊ का? नको असेल तर इथेच बसते." आतून उत्तर आले नाही, तशा त्या दाराशीच जमिनीवर बसल्या, आणि तोंड केले खिडकीकडे. तो ज्या बाजूला बघत होता, त्याच बाजूला.

सुखदेव स्वयंपाकघरात उभे होते. चहा आटून गेला. बाई बोलत नव्हत्या, पोरगा बोलत नव्हता. याला कसला उपचार म्हणायचे, असे त्यांच्या मनात येत होते तोच समाधानचा आवाज आला, गंजल्यासारखा.

"हात सारखाच होता."

"कुणाचा?" बाईंनी खिडकीकडे बघतच विचारले.

"सरांचा. अप्पांचा."

सुखदेवांनी ओट्याची कड धरली. कांताबाई त्यांच्याकडे बघत होत्या. पोराला तो हात सोसत नाही, हे कांताबाईंना फार पूर्वीपासून माहीत असावे.

जाताना जिन्यात सुखदेवांनी बाईंना गाठले. "मी त्याला कधी मारलं नाही हो. त्याची मान ताठ राहावी म्हणूनच..."

"मला ते कळतं. त्यालाही कधीतरी कळेल. पण त्याच्या अंगाला कसं कळणार? अंगानं फक्त हात ओळखला." त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "सोमवारी आपण आणि मी, दोघांनी यावं असं तो मघाशी म्हणाला. शेजारी बसायचं. त्याला न विचारता हात लावायचा नाही. एवढं जमेल?"

सुखदेवांनी मान डोलावली. जमेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

सोमवारी कंपनीच्या काचेच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला कौस्तुभ आणि ती फोनवरची बाई बसले होते. दुसऱ्या बाजूला समाधान, सुखदेव आणि थोड्या मागे मंदाकिनीबाई. कौस्तुभच्या डोळ्याखाली पट्टी होती. समाधानने येताच नजर टेबलाच्या कडेवर ठेवली ती हलवली नाही.

समाधानला नजर देणे आणि हनुवटीला हात का सोसत नाही, ते मंदाकिनीबाईंनी थोडक्यात सांगितले. कौस्तुभने ऐकून घेतले, पण तो मनातून दुखावला होता.

"मॅडम, ते सगळं ठीक आहे. काम तो उत्तम करतो, मी नाही म्हणतच नाही. पण माझा डोळा गेला असता. समाधान, निदान माझ्याकडे बघून सॉरी तरी म्हण. असा मान खाली घालून बसलास तर टीमला मी काय सांगू?"

समाधानच्या घशातून तो बारीक घुमणारा आवाज येऊ लागला.

सुखदेवांच्या डोळ्यांपुढे काचेची खोली राहिली नाही. खुर्चीत बसलेला साहेब, समोर त्यांच्या रक्ताचा माणूस, आणि त्याची खाली घातलेली मान. ज्याच्यापायी गाव सोडले तेच इथे, एसीच्या थंडाव्यात मांडून ठेवलेले. उचल, आत्ता उचल त्याची मान, असे त्यांच्या आत कुणीतरी ओरडत होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. समाधानचे खांदे कानांपर्यंत गेले.



सुखदेवांनी तो हात वळवून स्वतःच्या मांडीखाली घातला आणि त्यावर भार देऊन बसले.

"साहेब," ते म्हणाले, "तो ऐकतोय. सगळं ऐकतोय. मान खाली आहे ती तुम्हाला भिऊन नाही. त्याला वर बघायला लावू नका. मी लहानपणापासून लावत आलो, आणि त्याचा मार तुम्हाला बसला."

कौस्तुभचा हात पट्टीकडे गेला. हळूहळू समाधानच्या घशातला आवाज थांबला.

"सर, तुम्हाला लागलं त्याचं मला वाईट वाटतं," तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला. "हनुवटीला हात लावायचा नाही. कुणीच नाही."

"आणि केक?" कौस्तुभने विचारले. चिडून विचारले की थट्टेने, ते त्यालाही ठरवता आले नसावे.

"केक चालतो. प्लेटमध्ये."

ती फोनवरची बाई हसली, मग कौस्तुभही थोडासा. समाधानला भिंतीकडची जागा मिळाली, आणि दिवाळीपर्यंत बघू असे ठरले. मंदाकिनीबाई खाली उतरता उतरता म्हणाल्या, "'बघू' म्हणजे आपल्याला अजून काम आहे. गुरुवारी त्याला यावंसं वाटलं तर घेऊन या. आणि आपण एकटे आलात तरी चालेल."

बसमध्ये बाप-लेक शेजारी बसले. सुखदेवांना पुष्कळ काही विचारायचे होते. ते समाधान बघत होता त्याच खिडकीतून बाहेर बघत राहिले.

कांताबाई दारातच उभ्या होत्या. "काय झालं?"

सुखदेव वाकून बुटाची नाडी सोडत होते. ती सुटत नव्हती. "ठेवलाय कामावर," ते नाडीकडे बघत म्हणाले.

"अहो, वर बघून सांगा की नीट."

सुखदेवांनी मान वर केली नाही. त्यांना ती करता येत नव्हती.

"आई," समाधान आत जाता जाता म्हणाला, "राहू दे त्यांना."