दारांत उभे राहूं नका

ड्रिल सरांची पाठ खुर्चीला टेकलेली मी चार वर्षांत एकदाही पाहिली नाही. अंबत्तूरला आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहत, आम्ही पहिल्यावर. सदतीस वर्षं त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती, म्हणून हे नाव. कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. कुठला भाग सरळ रेषेपासून किती ढळला आहे, हे मोजणं माझं रोजचं काम. बहात्तराव्या वर्षी सरांची पाठ कुठेही ढळलेली नव्हती. "पाठ टेकली की माणूस म्हातारा झाला," असं ते म्हणत आणि मग आमच्याकडे, टेकून बसलेल्यांकडे, बघत.

ते तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी आमच्याहून तीनशे वर्षांनी जुनी आणि मधेमधे तमिळ, 'सरि' म्हणजे बरं, 'कण्णा' म्हणजे बाळा. 'आमच्या'ला ते 'अम्च्या' म्हणत. पुण्या-नाशिकहून नोकरीला आलेली मुलं आधी त्यांच्या बोलण्याला हसत. पहिल्याच दिवशी सरांनी त्यांतल्या निखिलला विचारलं, "तूं हसतोस तें काय, अम्ही चुकलों मणून, की तुझे आजोबाचें आजोबा असेंच बोलत मणून?" निखिल पुढे कधी हसला नाही. इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत दर रविवारी चार वाजता भरणाऱ्या वाचनाला मात्र तो सर्वांत आधी येऊन खुर्च्या मांडू लागला. एकूण नऊ खुर्च्या. दोन खुर्च्यांतलं अंतर सर पावलाने मोजत.

पुरुषाने कसं असावं याबद्दल सरांची मतं पक्की होती. जखम आणि भूक कुणाला दाखवू नये. जिन्यात कठड्याला हात लावू नये. घरातलं दुःख उंबरठ्याच्या आत ठेवावं. मामींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अर्धांगवायूचा झटका येऊन दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. चौकशी केली की सर म्हणत, "बाई येते, सगळें करते. सरि, तुम्ही कॉफी घ्या." विषय तिथे संपे.

ती बाई आम्ही कधी पाहिली नव्हती. पण तिचं काम दिसे. माझी बायको सुनंदा मामींना भेटून आली की सांगे, "काय वेणी घालते हो ती! एक केस बाहेर नाही. जरा विचारा ना सरांना, आपल्या मुलीची घालायला येईल का?" मी विचारलं. सर म्हणाले, "तिला वेळ नाही."

त्या वर्षी वाचनाला येणाऱ्या रेवतीने एक इंग्रजी कादंबरी आणली, आफ्रिकेतल्या इग्बो लोकांच्या एका गावाची. रेवती सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे तिचाही धंदा माझाच. रविवारी दोन प्रकरणं, असे अकरा रविवार लागणार होते. सर इंग्रजीत वाचत आणि आपल्या मराठीत सांगत. कादंबरीतला नायक रताळ्यासारखे मोठाले कंद पिकवणारा. शेतात त्याच्या तोडीचा कुणी नाही, पंचांत त्याच्या शब्दाला मान. आलेल्याला कोला नावाचं फळ फोडून द्यायचं, ते पुरुषानेच. बायकोची झोपडी वेगळी, आणि तिच्या चुलीपाशी पुरुषाने जायचं नाही. सरांना हा माणूस फार आवडला. "असा माणूस अम्च्या तंजावरला शोभला असता," ते म्हणाले.

आठव्या रविवारी त्याची बायको आजारी पडली. तो रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या झोपडीच्या दाराशी उभा राहतो, कशी आहेस विचारतो, आणि परत फिरतो. मिशनच्या शाळेत जाऊ लागलेला मुलगा आत जाऊन आईला पाणी पाजतो, त्याला गाव हसतं. एके दिवशी आतून उत्तर येत नाही. तेव्हाही तो बाहेरच उभा असतो.

सरांनी पुस्तक मिटलं. "काय धीराचा माणूस!"

"कसला धीर, सर?" रेवती म्हणाली. "दारात उभं राहून तिला काय मिळालं?"

"रोज दोन वेळ येत होता, पोरी. एक दिवस चुकला नाही."

"पण आत गेला नाही."

"गांवांत राहायचें तर गांवाचें मानावें लागतें."

"मग गावालाच सांगायचं होतं ना पाणी पाजायला."

मुलं हसली. सर हसले नाहीत. त्या दिवशी ते कॉफी न घेताच वर गेले. वाचनाच्या दोन वर्षांत प्रथमच.

पुढच्या प्रकरणांच्या झेरॉक्स प्रती द्यायला मी शनिवारी सकाळी आठला त्यांच्याकडे गेलो. दार अर्धवट उघडं होतं. मामी पाटावर बसल्या होत्या. त्यांच्या मागे सर गुडघ्यांवर. दातांत कंगवा, हातांत केसांचे तीन पेड, आणि तोंडातल्या तोंडात कवायतीचे आकडे, "वन, टू, थ्री. वन, टू, थ्री." शेजारी पानात मोगऱ्याचा गजरा. फुलवाली तो कोपरापासून बोटापर्यंत मोजून देते, त्या मापाला मुळम म्हणतात. हा दीड मुळम असावा.

मी परत फिरणार तोच सरांनी मान वळवली. चेहरा लाल झालेला. कंगवा हातात घेऊन म्हणाले, "या तरी, नाहींतर जा तरी. दारांत उभे राहूं नका."

आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते घाईने पुन्हा वेणीकडे वळले. मी आत गेलो.

वेणी पुरी करून त्यांनी सांगितलं. त्यांच्या काकांनी आजारी काकूसाठी विहिरीवरून पाणी आणलं होतं, एवढंच. गावाने त्यांचं नाव 'घागर' ठेवलं. ते मरेपर्यंत घागरच राहिले. "हसणाऱ्यांत मीही होतों," सर म्हणाले. "हें खालीं सांगूं नका."

मी शब्द दिला. तेवढ्यात मामींनी डावा हात उचलला. त्यांचं बोलणं समजायला वेळ लागे. "मला... शेवट... ऐकायचा. खालीं."

सर रोज संध्याकाळी त्यांना पुस्तक सांगत होते, हे मला तेव्हा कळलं. सर म्हणाले, "मीच सांगतों ना वर येऊन."

"नको. तो माणूस... आंत कां नाहीं गेला... त्या पोरीला... विचारायचें."

सर कंगवा पुसत राहिले. मामींना खाली न्यायचं म्हणजे उचलून न्यायचं. तोंडातून ओघळलेली कॉफी पुसायची. तीही नऊ खुर्च्यांसमोर.

दोन रविवार ते एकटेच आले. मी शब्द पाळला. सुनंदालाही सांगितलं नाही, जरी तिने त्या बाईबद्दल आणखी दोनदा विचारलं.

शेवटच्या रविवारी चारला पाच मिनिटं असताना जिन्यात पावलं वाजली. छत्तीस पायऱ्या सर मामींना दोन्ही हातांवर घेऊन उतरले. निखिल धावला. "बाजूला हो, कण्णा," सर म्हणाले, "माप चुकतें." पहिल्या रांगेत त्यांनी मामींना बसवलं. उतरताना त्यांचा गजरा सुटला होता आणि वेणी अर्धी उकलली होती. मामींनी डावा हात मागे नेला, तो पोचेना. सुनंदा उठली.

"बसा," सर म्हणाले.

खिशातून कंगवा काढून ते मामींच्या मागे फरशीवर गुडघे टेकून बसले. यावेळी आकडे मोठ्याने मोजले, मैदानावर मोजत तसे. "वन! टू! थ्री!" कुणी हललं नाही. मी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली बघितलं.

मग उठून त्यांनी शेवटची दोन प्रकरणं वाचली. नेहमीसारखीच, ताठ बसून. वाचून झाल्यावर मामी रेवतीकडे वळल्या आणि त्यांनी आपला प्रश्न विचारला. रेवतीला तो पुरता कळला नाही. उत्तर सरांनी दिलं.

"भ्याला. चांगला माणूस होता, पण भ्याला."

मामी त्यानंतर चौदा महिने होत्या. त्यांतले बहुतेक रविवार खाली. निखिलने दहावी खुर्ची आणली. त्या गेल्यावर सर वाचनाला एकटे येऊ लागले. शर्टाच्या खिशात कंगवा असे. तो कशाला, हे कुणी विचारलं नाही.

माझी पुण्याला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला वर गेलो. चपला काढत उंबरठ्यावर जरा रेंगाळलो. आतून आवाज आला, "काय सांगितलें होतें?" मी आत गेलो.

गेल्या पावसाळ्यात सुनंदाचा उजवा हात मोडला, तो अजून नीट वर जात नाही. पहिल्या दिवशी वेणीला मला एकोणीस मिनिटं लागली. आता नऊ लागतात, सरांची सात अजून गाठता आलेली नाहीत. समोरच्या गॅलरीतून लोक बघतात म्हणून सुनंदा म्हणते, पडदा ओढा. हातात तीन पेड असतात, आकडा चुकेल. पडदा उघडाच राहतो.